पाच ताऱ्यांच्या सक्तीआधी सोडून गेलेल्यांचा हिशेब

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी भोसरी एमआयडीसीतील, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मनुष्यबळ विभागाची व्यवस्थापक आहे. अधिकारी आणि कायम कामगार मिळून आम्ही सुमारे चारशे जण आहोत, आणि जवळपास तेवढेच लोक ठेकेदारांमार्फत आमच्याकडे काम करतात. चाकणला आमचा दुसरा कारखाना उभा राहतो आहे. त्यासाठी अभियंते हवे आहेत, पण ऑफर लेटर स्वीकारलेल्या दर दहा उमेदवारांपैकी चार जण रुजूच होत नाहीत, आणि रुजू झालेल्यांतील काही जण पहिल्या तीन-चार महिन्यांत निघून जातात.

आमचे धाकटे साहेब परदेशात शिकून आले आहेत. आपण चांगले आहोत, पण ते बाजारात कोणाला माहीत नाही, असे त्यांचे मत आहे. त्यांनी एका एजन्सीला काम दिले असून लिंक्डइनवर व्हिडिओंची मालिका, महिला दिनाचा सोहळा आणि ‘काम करण्यास उत्तम जागा’ असे एखादे प्रमाणपत्र अशी योजना ठरली आहे. मला त्यांनी दोन कामे दिली आहेत. प्रत्येक अधिकाऱ्याने, कर्मचारी कंपन्यांबद्दल निनावी अभिप्राय लिहितात त्या संकेतस्थळांवर, म्हणजे ग्लासडोअर आणि अ‍ॅम्बिशनबॉक्सवर पाच तारे देऊन अभिप्राय लिहावा आणि त्याचा स्क्रीनशॉट इन्क्रिमेंटच्या आधी माझ्याकडे द्यावा, हे पहिले काम. तिथे आधीपासून असलेले वाईट अभिप्राय कोणी लिहिले हे शोधून काढावे, हे दुसरे. ते अभिप्राय साधारण असे आहेत: ‘पगार वेळेवर होतो, पण नोकरी सोडताना छळतात’, ‘गुरुवारी सुट्टी असते हे मुलाखतीत कोणी सांगितले नाही’, ‘ठेक्यावरच्या मुलांना माणूस समजत नाहीत’.

मला ही दोन्ही कामे पटत नाहीत. मोठ्या साहेबांच्या काळापासून मी इथे आहे आणि कंपनीबद्दल मला आपुलकी आहे. नकार कसा द्यावा, आणि नकारासोबत कोणता पर्याय पुढे ठेवावा?

— एक मनुष्यबळ व्यवस्थापक, भोसरी

उत्तर

सस्नेह नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. सक्तीचे अभिप्राय गोळा करू नका, आणि जुने अभिप्राय कोणी लिहिले या शोधात तुमचा विभाग गुंतू देऊ नका. हे दोन्ही नकार मालकांशी वाद न घालता, कंपनीच्याच हिताच्या भाषेत देता येतात. पर्याय तुम्हीच तुमच्या पत्रात लिहून पाठवला आहे, कारण ज्या तीन अभिप्रायांनी धाकटे साहेब अस्वस्थ झाले आहेत, त्यांत पुढच्या सहा महिन्यांच्या कामाची यादी आहे.

पाच ताऱ्यांचा विषय आधी घेते. बक्षीस दाखवून किंवा दबाव आणून लिहून घेतलेल्या अभिप्रायांना अशा संकेतस्थळांच्या नियमांतच मनाई असते, हे साहेबांना सांगाच. पण नियमापेक्षा उमेदवाराची वाचण्याची पद्धत त्यांना अधिक पटेल. एखाद्या दुपारी त्यांच्या शेजारी बसून, उमेदवार पाहतो तसे दुसऱ्या एखाद्या कंपनीचे पान उघडा. उमेदवार सरासरीवर नजर टाकतो आणि लगेच सर्वांत अलीकडचे व सर्वांत कमी ताऱ्यांचे अभिप्राय वाचू लागतो. एकाच आठवड्यात आलेले आणि ‘वातावरण उत्तम, व्यवस्थापन सहकार्यशील, शिकायला भरपूर वाव’ अशा एकाच साच्यातले तीस-चाळीस अभिप्राय दिसले, की वर चढलेल्या सरासरीवरचा त्याचा विश्वास उडतो आणि त्याआधीचा कडवट अभिप्राय त्याला अधिक खरा वाटू लागतो. याहून मोठे नुकसान कंपनीच्या आत होते. इन्क्रिमेंटच्या तोंडावर ज्या अधिकाऱ्याकडून तुम्ही मनाविरुद्ध चार ओळी लिहून घ्याल, तो त्यानंतर तुमच्या कोणत्याही सर्वेक्षणात मनातले लिहिणार नाही, आणि मनुष्यबळ विभागाकडे खरी माहिती येण्याची वाट वर्षानुवर्षांसाठी बंद होईल. शिवाय ज्या स्क्रीनशॉटची मागणी होणार आहे, तो कोणाच्या तरी मोबाइलवरून बाहेर जाणारच, आणि मग ती सक्ती हीच तुमच्या कंपनीची ओळख होईल.

शोधाच्या बाबतीत मी अधिक ठाम आहे. निनावी लिहिणाऱ्याचा माग काढताना संशय हमखास चुकीच्या माणसावर जातो, आणि आयटी विभागाला असा काही आदेश मिळाला आहे ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॅन्टीनभर झालेली असते. समजा माणूस सापडला, तर त्याचे करायचे काय? त्याने लिहिलेले खरे असेल तर कारवाई अन्यायाची ठरेल, आणि खोटे असेल तर त्या संकेतस्थळाकडे तक्रार करण्याचा रस्ता उघडा आहेच.

आता मूळ विषयाकडे वळते. एम्प्लॉयर ब्रँड, म्हणजे नोकरी देणारी कंपनी म्हणून असलेले नाव, ही कल्पना सायमन बॅरो आणि टिम अँब्लर यांनी १९९६ मध्ये एका शोधनिबंधात मांडली. नोकरीतून मिळणारे आणि त्या विशिष्ट मालकाशी जोडले गेलेले व्यावहारिक, आर्थिक आणि मानसिक लाभ, असा तिचा अर्थ त्यांनी सांगितला होता. म्हणजे ज्या कल्पनेच्या नावाने आज एजन्सीची बिले निघतात, तिच्या मूळ मांडणीत आधी लाभ आहेत आणि त्यांचा बोलबाला नंतर येतो. पुण्यात तर हे व्याख्येच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. ‘मुलगा टेल्कोत आहे’ एवढे वाक्य स्थळे पाहताना पुरेसे ठरत असे, आणि २००३ मध्ये कंपनीचे नाव टाटा मोटर्स झाल्यानंतरही पिंपरी-चिंचवडमधील जुनी माणसे तिला टेल्कोच म्हणतात. त्या वाक्याला वजन आले ते ठरलेल्या तारखेला होणाऱ्या पगाराने, कंपनीच्या बसने, कॅन्टीनने, अप्रेंटिस मुलांना मनापासून शिकवणाऱ्या प्रशिक्षण विभागाने. त्याच समूहातील पोलाद कारखान्याने जमशेदपूरला १९१२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पस्तीस वर्षे आधी, आठ तासांचा कामाचा दिवस लागू केला होता. तो निर्णय कारखान्यातील माणसांसाठी घेतला गेला आणि नाव आपोआप झाले. धाकट्या साहेबांनी ब्रँडचा विचार करावा हे योग्यच आहे. फक्त त्यांनी पैसा ज्या टोकाला लावला आहे, ते शेवटचे टोक आहे.

तुमच्या तीन अभिप्रायांपैकी पहिल्यापासून, म्हणजे सोडून जाणाऱ्यांपासून सुरुवात करा, असा माझा आग्रह आहे. एरवी सगळे रुजू होणाऱ्यांपासून सुरुवात करतात. पण कंपनीबद्दल बाहेर सर्वांत मोकळेपणाने बोलतो तो नुकताच सोडून गेलेला माणूस, आणि त्याच्या मनात शेवटचा आठवडा ताजा असतो. तुमचा एखादा क्वालिटी विभागातला अभियंता शेवटच्या दिवशी काय करतो ते एकदा त्याच्यामागे फिरून पाहा. त्याच्या हातात ‘नो ड्यूज’चा, म्हणजे कंपनीचे त्याच्याकडे काही येणे उरले नाही असे सांगणारा, कागद असतो आणि त्यावर सात-आठ सह्या हव्या असतात. स्टोअर्समधला माणूस जेवायला गेलेला असतो. लॅपटॉपचा चार्जर मूळचाच आहे का, अशी आयटीला शंका येते. टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, दोन वर्षांपूर्वी त्याच्या नावावर दिलेला व्हर्निअर कॅलिपर त्याने परत केल्याची नोंद सापडत नाही. विभागप्रमुख त्याच्या जाण्याने नाराज असल्यामुळे त्यांची सही ‘उद्या बघू’ म्हणून राहते. तो उद्या नव्या नोकरीत रुजू होणार असतो, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा काढून पुन्हा भोसरीला येतो. त्यानंतर फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, पैशांसाठी तो लेखा विभागाला फोन करत राहतो, रिलिव्हिंग लेटर, म्हणजे कार्यमुक्तीचे पत्र, मिळत नाही म्हणून नव्या कंपनीसमोर ओशाळतो, आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर तुम्ही नोकरी सोडल्याची तारीख वेळेत न नोंदवल्यामुळे त्याचा जुना पीएफ नव्या खात्यात न्यायला अडचण येते. या माणसाने चार वर्षे तुमच्याकडे उत्तम काम केलेले असू शकते, आणि तरीही तो एकच तारा देईल.

यात आता कायद्याचाही भाग आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चारही कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, लागू झाल्या आहेत. वेतन संहितेनुसार कर्मचाऱ्याने राजीनामा दिला असो वा त्याला कमी केले असो, त्याचे देय वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावे लागते. ग्रॅच्युइटी लागू होत असेल तर ती देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते. ‘पंचेचाळीस दिवसांनी पैसे जमा होतील’ ही आपल्याकडची जुनी रीत यापुढे चालवणे कंपनीला परवडणारे नाही, आणि साहेबांसमोर हा मुद्दा तुम्ही निःसंकोच मांडू शकता.

व्यवस्था अवघड नाही. ‘नो ड्यूज’चा कागद घेऊन माणसाने फिरायचे नाही, तुमच्या विभागाने फिरवायचा, आणि तो नोटीस पिरियड संपण्याच्या आठवडाभर आधीच सुरू करायचा. तुमच्याकडील एका व्यक्तीचे नाव आणि फोन नंबर सोडून जाणाऱ्याला लेखी द्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्याच्या हातात रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचे पत्र आणि एक साधा कागद असावा, ज्यावर किती रक्कम, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कपातीनंतर जमा होईल हे लिहिलेले असेल. विभागप्रमुखाच्या नाराजीचा सहीशी संबंध राहू नये म्हणून दोन दिवसांत सही झाली नाही तर ती झाली असे धरले जाईल, असा नियम मोठ्या साहेबांकडून करून घ्या. एक्झिट इंटरव्ह्यू, म्हणजे सोडून जाण्याची कारणे विचारणारी मुलाखत, शेवटच्या दिवशी घेण्याला फारसा अर्थ नसतो, कारण पैसे आणि पत्र अडकलेले असताना कोणीही खरे कारण सांगत नाही; ‘घरगुती अडचण’ आणि ‘उत्तम संधी’ याच दोन नोंदी तुमच्या रजिस्टरमध्ये भरलेल्या असतील. त्याऐवजी दोन-तीन महिन्यांनी, सगळा हिशेब चुकता झाल्यावर फोन करा. तेव्हा लोक बोलतात, आणि त्यांतले काही जण परत येण्याबद्दलही विचारतात.

दुसरा अभिप्राय गुरुवारच्या सुट्टीचा. तुम्हाला आणि मला यात नवल वाटत नाही, कारण भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पण नागपूरहून किंवा नांदेडहून पदवी घेऊन आलेल्या मुलाला ते माहीत नसते, आणि ज्याची पत्नी हिंजवडीत आयटी कंपनीत काम करते त्याला ते माहीत असले तरी त्याचा अर्थ रुजू झाल्यावरच कळतो. तिला शनिवार-रविवार, याला गुरुवार. दोघांना एकत्र घरी राहण्याचा एकही दिवस आठवड्यात उरत नाही, मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमांना हा कधीच नसतो आणि नात्यातली लग्नेही याला रजा टाकूनच गाठावी लागतात. ही बाब ऑफर लेटरनंतर कळली तर काही जण रुजू होत नाहीत, आणि रुजू झाल्यावर कळली तर तिसऱ्या महिन्यात सोडतात. तुम्ही लिहिलेल्या गळतीतला मोठा वाटा इथे असावा, असा माझा अंदाज आहे.

खरे सांगितले तर उमेदवार येणारच नाहीत, अशी भीती साहेब व्यक्त करतील. यावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत जॉन वॅनस यांनी १९७३ मध्ये एका टेलिफोन कंपनीतील ऑपरेटर पदाच्या उमेदवारांवरील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काही उमेदवारांना नेहमीची, कामाची चांगलीच बाजू दाखवणारी भरतीची चित्रफीत दाखवण्यात आली, तर इतरांना या कामात वैविध्य कमी आहे आणि वरिष्ठांची देखरेख कडक असते हेही सांगणारी. दुसऱ्या गटातील लोकांच्या अपेक्षा वास्तवाला धरून राहिल्या आणि नोकरी सोडण्याचे विचार त्यांच्या मनात कमी आल्याचे दिसले. त्यानंतर या विषयावर पुष्कळ काम झाले आहे आणि परिणाम फार मोठा नसला तरी दिशा तीच राहिली आहे. तुम्हाला त्यासाठी चित्रफितीचीही गरज नाही. जाहिरातीत आणि मुलाखतीच्या बोलावण्यात पुढील मजकूर घाला: ‘साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. चाकण कारखाना सुरू होताना पहिले काही महिने काम अधिक राहील आणि रजा आधी ठरवून घ्यावी लागेल. निगडी, चिंचवड आणि हडपसर येथून कंपनीची बस आहे. संध्याकाळी चाकणहून परतताना वाहतूक कोंडीत वेळ जातो. प्रशिक्षणाचे पहिले दोन महिने तुम्ही प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवर असाल.’ बसचे थांबे तुमच्या खऱ्या मार्गाप्रमाणे बदला. मुलाखतीच्या दिवशी उमेदवाराला अर्धा तास कारखान्यात फिरवा आणि त्याच पदावर काम करणाऱ्या एखाद्या अभियंत्याशी, वरिष्ठ जवळ नसताना, बोलू द्या.

पगाराबद्दलही हाच नियम पाळा. वार्षिक पॅकेजच्या आकड्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम मिसळलेली असते. पहिल्या महिन्यात बँकेत जमा झालेला आकडा पाहून ज्याला धक्का बसतो, त्याचा विश्वास तुम्ही तिथेच गमावता. ऑफर लेटरसोबत दरमहा हातात किती पडेल हे एका ओळीत लिहून द्या. तुमचा पगार शेजारच्या कारखान्यापेक्षा बराच कमी असेल, तर मात्र या पत्रातील कोणताही उपाय फार काळ टिकणार नाही. त्याची चौकशी आधी करा.

ऑफर स्वीकारल्यापासून रुजू होण्यापर्यंतचा काळ आपल्याकडे दोन-तीन महिन्यांचा असतो, कारण जुन्या कंपनीचा नोटीस पिरियड तेवढा असतो. या काळात बहुतेक कंपन्या उमेदवाराशी एक शब्द बोलत नाहीत, आणि त्याच काळात त्याची जुनी कंपनी त्याला थांबवण्याचा प्रयत्न करत असते. ज्या विभागप्रमुखाच्या हाताखाली तो काम करणार आहे, त्यांनी महिन्यातून एकदा पाच मिनिटांचा फोन करावा. राहण्याची जागा, मुलांची शाळा, बसचा थांबा असे प्रश्न त्याला पडलेले असतात आणि ते विचारायचे कोणाला हे माहीत नसते. आणि रुजू होण्याच्या दिवशी गेटवर त्याचे नाव सुरक्षारक्षकाकडे असावे, त्याच्या मापाचे सेफ्टी शूज आलेले असावेत, बसायला जागा असावी आणि दुपारी त्याच्यासोबत कोणी जेवावे. नवा माणूस स्वागतकक्षात अकरा वाजेपर्यंत बसून आहे आणि आत कोणालाच तो आज येणार हे माहीत नाही, हे दृश्य मी नावाजलेल्या कंपन्यांतही पाहिले आहे. त्याच संध्याकाळी तो घरी काय सांगत असेल, याचा विचार साहेबांनी करावा.

तिसरा अभिप्राय मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि एजन्सीच्या योजनेत त्याची दखल कुठेच नाही. तुमच्या आवारात काम करणारे निम्मे लोक ठेकेदारांचे आहेत. लातूर, बीड, परभणी, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून आलेली ही मुले एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात, आणि कोणत्या कंपनीत जावे व कोणत्या जाऊ नये हे त्या खोलीतच ठरते. कोणत्या ठेकेदाराने पगारातून कोणत्या नावाखाली पैसे कापले, कुठे ओव्हरटाइमचे तास लिहून घेतले पण दिले नाहीत, कुठे मशीनवर बोट गेले तेव्हा कोण दवाखान्यात सोबत आले, याची माहिती त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमच्या लिंक्डइन पानापेक्षा वेगाने फिरते. त्यांची भरती तुम्ही करत नसाल, पण ती तुमच्याच गेटमधून आत येतात. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर, म्हणजे ज्या कंपनीचे काम होते तिच्यावर, येते, म्हणजे ‘तो ठेकेदाराचा प्रश्न आहे’ हे उत्तर कायद्यापुढेही टिकत नाही.

म्हणून दर महिन्याला ठेकेदारांची पगारपत्रके केवळ फाइल न करता त्यांतील दहा-बारा मुलांना बोलावून, त्यांच्या बँक खात्यात खरोखर किती जमा झाले ते विचारा. कॅन्टीनची रांग एकच करा. त्यांचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी, किंवा त्यांना जेवायला अर्धा तास नंतर सोडायचे, असे काही असेल तर ते बंद करा. त्याला खर्चही फारसा येत नाही. उन्हाळ्यात पिण्याचे थंड पाणी त्यांच्या लाइनजवळ आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. आणि कायम कामगारांची जागा निघाली तर ठेक्यावरील मुलांना अर्ज करता येईल, निवड अमुक कसोटीवर होईल, हे मराठीत लिहून फलकावर लावा. जे शक्य नाही त्याचे आश्वासन मात्र देऊ नका, कारण ‘पुढच्या वर्षी कायम करतो’ या वाक्यावर या मुलांनी तारुण्याची वर्षे काढलेली असतात.

महिला दिनाबद्दल थोडक्यात. सोहळा करायला हरकत नाही, पण त्याआधी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचा फलक वाचून पाहा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत २०१३ च्या कायद्यानुसार ही समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असावी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. अनेक कारखान्यांत फलकावर नोकरी सोडून गेलेल्या सदस्यांची नावे तशीच राहिलेली असतात, आणि तीन वर्षांची मुदत उलटून गेलेली असते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणेही बंधनकारक आहे. चाकणच्या इमारतीचा आराखडा अजून बदलता येत असेल, तर पाळणाघर आणि स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची नीट खोली आताच त्यात घालून घ्या, नंतर जागा मिळत नाही.

प्रमाणपत्राची घाई करू नये. अशी प्रमाणपत्रे कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणावर आधारलेली असतात, त्यामुळे दुरुस्तीआधी ते करून घेतले तर फी भरून आपण तेच ऐकू जे हे तीन अभिप्राय आज फुकट सांगत आहेत. वर्षभराने जरूर करा. एजन्सीचे व्हिडिओ थांबवायची गरज नाही, पण त्यांत ‘आम्ही एक कुटुंब’ असे कोणाकडून वदवून घेण्यापेक्षा टूल रूममधील एखाद्या जुन्या कारागिराला डाय, म्हणजे साचा, कशी बसवतात हे दोन मिनिटे दाखवू द्या. काम शिकायला आलेला अभियंता तेच पाहायला थांबतो.

जुन्या अभिप्रायांना उत्तर मात्र द्या, आणि ते उशिरा दिले तरी चालते. मजकूर असा असू शकतो: ‘सुट्टी गुरुवारी असते हे आपल्याला मुलाखतीत सांगितले गेले नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. या महिन्यापासून आमच्या प्रत्येक जाहिरातीत आणि ऑफर लेटरमध्ये ते लिहिलेले असते. आपला काही हिशेब राहिला असल्यास मनुष्यबळ विभागाशी संपर्क साधावा.’ बदल प्रत्यक्ष झाल्यावरच हे लिहा. एका अशा उत्तराने उमेदवाराला जे कळते, ते चाळीस कौतुकांनी कळत नाही.

आता धाकट्या साहेबांशी बोलण्याविषयी. ते शिकलेले आहेत आणि आकड्यांवर त्यांचा विश्वास असेल, तेव्हा नैतिकतेपासून सुरुवात करू नका. एका पानावर गेल्या वर्षाचे आकडे मांडा: किती ऑफर दिल्या आणि किती जण आले, पहिल्या नव्वद दिवसांत किती जण गेले, फुल अँड फायनलला सरासरी किती दिवस लागले, कर्मचाऱ्यांच्या ओळखीतून किती जण आले, सोडून गेलेल्यांपैकी किती परतले. रुजू न झालेल्या प्रत्येक उमेदवारामागे सल्लागाराची फी, मुलाखतींचे तास आणि रिकाम्या राहिलेल्या जागेचा ओव्हरटाइम यांचा ढोबळ हिशेब लावा, आणि तो एजन्सीच्या बिलाशेजारी ठेवा. हे आकडे कोणत्याही सर्वेक्षणातून आणायचे नाहीत, ते तुमच्याच रजिस्टरमध्ये आहेत. मग सांगा की सहा महिने आपण या तीन दुरुस्त्या करू आणि पुन्हा हेच पान भरून पाहू. अभिप्रायांबद्दल ‘कर्मचाऱ्यांना ज्या संकेतस्थळावर लिहायचे असेल तिथे त्यांनी मोकळेपणाने लिहावे, कंपनी त्यात पडणार नाही’ असे परिपत्रक काढण्याची परवानगी मागा. बोलणे झाल्यावर त्याच दिवशी ई-मेलने त्याचा सारांश त्यांना पाठवा, भाषा सौम्य ठेवा, आणि सक्तीचे अभिप्राय व शोध ही दोन कामे करू नयेत असे आपले मत असल्याचे त्यात स्पष्ट लिहा.

तरीही ते अडून बसले तर मोठ्या साहेबांकडे जाण्याचा मार्ग तुमच्याकडे आहे, पण तो धाकट्या साहेबांना सांगून वापरा, त्यांच्या पाठीमागे नव्हे. आणि तेही नाही म्हणाले, तर स्क्रीनशॉट गोळा करण्याचे काम तुमच्या नावाने होऊ देऊ नका. पुण्यातील मनुष्यबळ क्षेत्र लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि उद्या दुसरीकडे मुलाखतीला गेलात तर या प्रकरणात तुमची भूमिका काय होती हे समोरच्या व्यक्तीला बहुधा आधीच माहीत असेल.

ते एक पान साहेबांसमोर नेण्यापूर्वी लेखा विभागाच्या प्रमुखांना दाखवून घ्या. दोन दिवसांत हिशेब चुकता करायचा तर पगाराच्या चक्राबाहेर पैसे काढण्याची सोय त्यांनाच करावी लागेल, आणि त्यांना ही गोष्ट बैठकीत पहिल्यांदा कळली तर ते विरोधात बोलतील. आधी विचारलेत तर कोणत्या विभागाकडून कागद उशिरा येतात याची यादी तेच तुम्हाला काढून देतील.